विद्यापीठाचा उंबरठा आणि कोरडवाहू पोरे

खेड्यातील मास्तराच्या ओट्यावर वर्षातून दोन वेळा गर्दी होते. एकदा निवडणुकीच्या यादीत नाव सापडत नाही म्हणून, आणि दुसऱ्यांदा बारावीचा निकाल लागला म्हणजे. पहिल्या गर्दीत पुढारी असतात, चहा असतो, आश्वासने असतात. दुसऱ्या गर्दीत फक्त आईबाप असतात. हातात मोबाईल, त्यात गुणांचा कागद, आणि तोंडात एकच प्रश्न : "गुरुजी, आता पुढे काय?" मे महिना सरत आलेला असतो, शेत नांगरून पडलेले असते, आणि कपाशीचे बियाणे घ्यावे की कॉलेजचा फॉर्म भरावा हा हिशेब एकाच पिशवीतल्या पैशांवर चाललेला असतो.

आम्ही तापीच्या दक्षिणेकडील एका कोरडवाहू गावी मराठी शाळेचे मास्तर आहो. आमचे शिक्षण म्हणाल तर बारावीनंतर दोन वर्षे अध्यापक विद्यालयात, तेही मराठीतून. तेव्हा विद्यापीठाच्या मोठमोठ्या गोष्टींत या मास्तराने तोंड का घालावे, असे शहरातील विद्वान विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, विद्यापीठाच्या दारातून जी पोरे परत येतात ती आमच्याच ओट्यावर येऊन बसतात. त्यांची गाठ विद्वानांशी पडत नाही.

यंदा जी परत आली तिची हकीकत सांगतो. नाव लिहीत नाही; पोरीची जात आधीच गावाच्या तोंडी फार आहे, त्यात छापील नावाची भर कशाला? ती भिल्ल समाजाची. पहिलीपासून सातवीपर्यंत आमच्या हाताखाली होती आणि वर्गात तिच्या पुढे कोणी गेला नाही. आमच्या फळ्यावरील बेरजेत चूक झाली तर हात वर करून सांगणारी तीच. पुढे हायस्कूलसाठी रोज पायी गेली, आणि अकरावीस तालुक्याच्या गावी विज्ञान शाखेत बसली. दाईचे, नर्सचे काम शिकायचे असे तिने पाचवीतच ठरविले होते. तिच्या थोरल्या बहिणीचे बाळंतपण रस्त्यावर अडले होते ते तिने डोळ्यांनी पाहिले होते.

दिवाळी झाली की तिचे आईबाप कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीस जातात ते होळीच्या पुढेमागे परततात. म्हणजे बारावीच्या अभ्यासाचे जे महिने, त्या महिन्यांत घरात मोठी माणूस म्हणून हीच. दोन धाकटी भावंडे, एक म्हातारी आजी. सकाळी कापूस वेचून मिळालेल्या मजुरीवर घर, आणि नंतर कॉलेज. कॉलेजात रसायनशास्त्राच्या शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी. कॉलेजचे नाव आम्ही घेत नाही, कारण अशी रिकामी जागा एकाच कॉलेजात आहे असे नाही. पोरगी पास झाली. परंतु नर्सिंगच्या पदवीस भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गास शेकडा 45 आणि मागासलेल्या वर्गास शेकडा 40 गुण लागतात. तीनशेपैकी 120 पाहिजेत. तिला 118 मिळाले.

दोन गुण! बोर्ड म्हणते पास, नियम म्हणतो नालायक. तिची आई आमच्या ओट्यावर बसून म्हणाली, "गुरुजी, पोर हुशार शे ना? मंग तिले परत कसाले धाडी दिनं?" आम्ही पंचवीस वर्षे मास्तरकी करीत आलो, पण या प्रश्नास आम्हांस उत्तर देता आले नाही. आज हा लेख लिहितो तो ते उत्तर शोधण्यासाठी.

पहिली गोष्ट अशी की, मागासलेल्यांस पाच टक्के कमी गुणांत घेतात ही जी सवलत, तिचा बोभाटा फार मोठा आणि माप फार लहान आहे. इंजिनिअरिंगचेही असेच : खुल्यास 45, राखीवास 40. या पाच टक्क्यांत काय काय बसवावयाचे? घरी बोलण्याची भाषा निराळी, शाळेची निराळी आणि अकरावीपासून एकदम इंग्रजी, हे बसवावे? चार महिने आईबाप परमुलखात, हे बसवावे? शिक्षकाची रिकामी जागा बसवावी? शेकडा पाच हा आकडा कोणी, कोणत्या तराजूने मोजून काढला ते आम्हांस तरी कोणी सांगितलेले नाही. नशीब एवढेच की, तो निदान शून्य नाही.

खानदेशच्या शेतकऱ्यास एक गोष्ट शिकवावी लागत नाही. रावेर-यावलच्या केळीबागेचे उत्पन्न आणि आमच्या मुरमाड रानातील बाजरीचे उत्पन्न यांची तुलना तो कधी करीत नाही. कोणी एकरी उतारा सांगितला की तो पहिला प्रश्न विचारतो : पाणी किती होते? विहीर आहे का? रान काळे की बरड? हे विचारल्यावाचून पिकाला चांगले-वाईट म्हणणारा माणूस आमच्याकडे शहाणा समजला जात नाही. शेतकऱ्याचे सोडा, सरकारही हे जाणते. इंग्रजी अमदानीत विंगेट वगैरे साहेबांनी मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी केली तेव्हा मातीचा रंग, खोली, पोत पाहून आण्यांत प्रत लावली आणि त्या प्रतीवर शेतसारा बसविला. (त्या मोजणीविरुद्ध 1852 साली सावदा-एरंडोलकडील आमच्या वाडवडिलांनी दंगा केला ही गोष्ट निराळी, त्यांची तक्रार साऱ्याची होती, प्रत पाहण्याची नव्हे.) आजही दरसाल गावोगाव पिकाची पैसेवारी लागते आणि पन्नास पैशांच्या आत आली तर सरकार दुष्काळ मानून सारा सोडते. म्हणजे बाजरी कमी आली तर पाऊस पाहावयाचा, आणि पोराचे गुण कमी आले तर मात्र पोराचे डोके पाहावयाचे! आमच्या पोरीची पैसेवारी कोणी लावली का? लावली असती तर त्या रानात 118 गुण म्हणजे भरघोस पीक आहे असे कोणत्याही तलाठ्याने लिहून दिले असते.

आता शहरच्या मुलाकडे पाहा. आमचा त्याच्यावर राग नाही. तोही कोणाचा तरी लाडका आहे. आठवीपासून त्याची शिकवणी सुरू. पुढे लातूर, पुणे, नाही तर थेट राजस्थानातील कोटा. वर्षाला लाखाच्या वर फी. घरात संगणक. राज्याची प्रवेशपरीक्षा 2019 पासून संगणकावर होते. आमच्या गावच्या पोरांपैकी कित्येकांचा संगणकाशी पहिला खरा संबंध त्या परीक्षेच्याच दिवशी येतो. त्या परीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांचे प्रश्न मराठीत मिळतात. गणिताची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजीतच. गणितास भाषा नसते असे म्हणणाऱ्यांनी एकदा शाब्दिक उदाहरण आमच्या पोरासमोर इंग्रजीत ठेवून पाहावे. ते गणितात नापास होत नाही, गणितापर्यंत पोचण्याआधीच वाटेत गळते. अशा दोन मुलांस एकाच रेघेवर उभे करून जो पुढे आला त्याच्या गळ्यात 'गुणवत्ता' नावाची माळ घालावयाची, यास आम्ही न्याय म्हणत नाही. धावण्याच्या शर्यतीत एकाच्या पायात बूट आणि दुसऱ्याच्या डोक्यावर पाण्याची घागर असेल तर पंच घड्याळ पाहून निकाल देणार नाही.

येथे शहाण्यांचा आक्षेप ठरलेला असतो : गुणांची अट सैल केली तर गुणवत्ता ढासळेल, उद्या पूल पडतील, रोगी मरतील. आम्ही हा आक्षेप हसण्यावारी नेत नाही, कारण आमच्याच दवाखान्यात आमचीच माणसे मरावयाची आहेत. म्हणून नीट पाहू. गुणांची अट सैल केलेली अशी दारे आपल्या देशात एक नाही, तीन आहेत.

पहिले दार गरिबाचे व मागासलेल्याचे. त्यावर चोवीस तास पहारा, आणि आत शिरणाऱ्याच्या कपाळावर 'कोट्यातला' असा शिक्का. दुसरे दार पैशाचे. खासगी कॉलेजात शेकडा 15 पर्यंत जागा परदेशस्थ भारतीयांच्या नावाने ठेवण्यास सुप्रीम कोर्टाने 2005 साली इनामदार खटल्यात मोकळीक दिली. त्या जागांवर जी मुले जातात त्यांचे गुण किती, हा प्रश्न वर्तमानपत्रांत फारसा विचारला जात नाही; फी किती एवढेच विचारतात. आणि तिसरे दार तर मोठे गमतीचे. सप्टेंबर 2023 मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. नेहमीचा नियम असा की, खुल्या वर्गास 50 पर्सेंटाइल आणि राखीवास 40. मग वरच्या सरकारने काय केले? ती रेघ सर्व वर्गांसाठी एकदम शून्यावर आणली. शून्य पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेस बसला तो लायक! डॉक्टरांच्या वरच्या डॉक्टरांची ही गोष्ट. आम्ही वाट पाहिली की, गुणवत्तेचे कैवारी आता रस्त्यावर येतील, मेणबत्त्या घेऊन मोर्चे काढतील. कांही थोड्या भल्या डॉक्टरांनी तक्रार केली, बाकी सारे शांत. कारण उघड आहे. रिकामी जागा ही संस्थाचालकाच्या खिशाला भोक पाडते, आणि खिशाचे भोक शिवताना गुणवत्तेचा दोरा संपला तरी चालतो. आमच्या भिल्लाच्या पोरीस मात्र दोन गुणांवरून परत धाडावयाचे, कारण तिच्यामुळे राष्ट्राचे आरोग्य बिघडेल!

आमचे म्हणणे साधे आहे. दार आणि जिना यांत फरक आहे. आत घेताना ज्याचे रान कोरडे त्याचा विचार करावा. बाहेर सोडताना मात्र परीक्षा एकच असावी, आणि ती एकच असते. राखीव जागेवरून गेलेल्या मुलास पदवीची निराळी, सोपी प्रश्नपत्रिका मिळत नाही. जो डॉक्टर झाला तो तीच परीक्षा पास होऊन झाला. मग गुणवत्ता ढासळली कोठे? रेल्वेसारख्या अवाढव्य खात्याचा, 1980 पासून 2002 पर्यंतच्या काळातील कारभार तपासून अश्विनी देशपांडे व थॉमस वाइसकॉफ या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी 2014 साली दाखवून दिले की, वरच्या जागांवर राखीव वर्गाची माणसे आल्याने काम घटल्याचा कोणताही पुरावा मिळत नाही. त्याच वर्षी तिकडे इंग्लंडात उच्चशिक्षणाला पैसा पुरविणाऱ्या सरकारी मंडळाने हिशेब काढला. सरकारी शाळेतून आलेला मुलगा आणि महागड्या खासगी शाळेतून आलेला मुलगा यांस प्रवेशाचे गुण सारखे असतील, तर पदवीस सरकारी शाळेतलाच पुढे जातो असे त्यांस आढळले. आम्हांस यात नवल वाटले नाही. पाणी देऊन वाढविलेले आणि पाण्यावाचून वाढलेले झाड एकाच उंचीचे असेल, तर मूळ कोणाचे खोल हे सांगावयास इंग्लंडला जावे लागत नाही. पण त्या लोकांनी हिशेब तरी काढला आणि त्यावरून वागू लागले. गरीब वस्तीतून, मागे पडलेल्या शाळेतून आलेल्या मुलास तेथील कित्येक विद्यापीठे एक-दोन पायऱ्या खालच्या गुणांवर बोलावितात. स्कॉटलंडात तर 2016 साली यासाठी नेमलेल्या आयोगाने सालाची मुदत घालून उद्दिष्ट ठरवून दिले : 2030 पर्यंत विद्यापीठात येणाऱ्यांपैकी शेकडा 20 मुले सर्वांत गरीब अशा पंचमांश वस्तीतून आली पाहिजेत.

हे परदेशी वारे आहे असे म्हणून कोणी नाक मुरडू नये. ही मागणी आमच्या घरचीच आहे आणि जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन ठेविले त्यात पैसा रयतेचा आणि शिक्षण वरच्या वर्गाचे हे गाऱ्हाणे तर आहेच. पण वाचणाऱ्यांच्या नजरेतून एक बारीक कलम सुटते. कॉलेजात न जाता घरी अभ्यास करणाऱ्यांस मुंबई विद्यापीठ आपल्या प्रवेशपरीक्षेस बसू देते ही चांगली गोष्ट आहे, हीच मुभा वरच्या परीक्षांसही द्यावी, असे त्यांनी तेथे सुचविले. विद्यापीठ निघून तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. दाराची बिजागरी कोठे आहे हे या माळ्याच्या पुत्राने बरोबर ओळखले होते. पुढे शाहू छत्रपतींनी 1902 साली करवीर राज्यात निम्म्या जागा मागासलेल्यांस राखल्या, वसतिगृहे काढली, डॉ. आंबेडकरांनी 1946 साली मुंबईस सिद्धार्थ कॉलेज काढले ते सकाळी भरविले, की दिवसा नोकरी करणाऱ्या पोरासही शिकता यावे. आणि जोतीरावांची ती घरी अभ्यास करण्याची गोष्ट? ती आपल्या राज्यात खऱ्या अर्थाने 1989 साली नाशिकास मुक्त विद्यापीठ निघाले तेव्हा फळास आली. बारावी न झालेल्या प्रौढ माणसास पूर्वतयारीचा एक अभ्यासक्रम देऊन बी. ए. च्या वर्गात घेण्याची वाट त्या विद्यापीठाने काढली. नोकरी सांभाळून आम्ही स्वतः तेथूनच पदवी घेतली, आणि आमच्या बाकावर एक बसवाहक, एक अंगणवाडीताई आणि दोन पोरांची आजी होती. परीक्षेत आजीने आम्हांस मागे टाकले.

जळगावच्या विद्यापीठाविषयी एक शब्द. 15 ऑगस्ट 1990 रोजी ते पुणे विद्यापीठातून वेगळे निघाले तेव्हा खानदेशच्या पोरांचा पुण्याचा हेलपाटा वाचला, हे उपकार मानलेच पाहिजेत. 2018 साली त्यास बहिणाबाई चौधरींचे नाव दिले. आसोद्याची ही लेक, जिला अक्षरओळख नव्हती, तिच्या ओव्यांवर आज तेथे प्रबंध लिहिले जातात. कमानीखालून जाताना तेथील अधिकाऱ्यांनी वर पाहावे, एवढेच आम्ही म्हणतो.

आता कागदपत्रांचा त्रास. हा त्रास ज्याने भोगला नाही त्यास तो सांगून कळत नाही. राखीव जागेवर प्रवेश घ्यावयाचा तर जातीचा दाखला पुरत नाही, त्याची पडताळणी लागते. पडताळणीस पुरावा लागतो तो जुना : अनुसूचित जातींस 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, अनुसूचित जमातींस 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांस 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, इतर मागासवर्गास 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. आणि पुराव्यांत सगळ्यांत वजनदार कोणता मानतात? आज्या-पणज्याचा शाळेचा दाखला! वाचकहो, ही थट्टा तुमच्या ध्यानात आली का? ज्याच्या आज्यास शाळेत कोणी घेतले नाही, म्हणून तो मागासलेला राहिला, म्हणून नातवास सवलत. आणि त्या सवलतीसाठी नातवाने आज्याचा शाळेचा दाखला आणून दाखवावा! ज्याचा आजा शिकला होता त्यास कागद चटकन सापडतो. ज्याचा आजा डोंगरात लाकडे तोडीत होता तो तहसील, भूमिअभिलेख, कोतवालाचे बुक असा फिरत फिरत प्रवेशाची तारीख घालवून बसतो. खोटे दाखले काढून खऱ्या आदिवासींच्या जागा खाणारे आहेत, हे आम्हांस माहीत आहे, आणि पडताळणी नको असे आम्ही म्हणत नाही. परंतु चोर धरण्यासाठी घातलेल्या जाळ्यात घरमालकच अडकत असेल तर जाळे विणणाऱ्याने एकदा भोके तपासावीत. पडताळणी सातवीच्या वर्गात, शाळेतच, सरकारने आपल्या खर्चाने करून द्यावी. मूल पाच वर्षे आधी सापडते. बारावीनंतरच्या पंधरा दिवसांत त्याची शिकार कशाला?

आता मुख्य मागणीकडे येतो. जातीच्या राखीव जागा आहेत त्या आहेत, त्यास हात लावू नये. कोणी गोड बोलून 'जात सोडा, गरिबी पाहा' असे सांगू लागला तर त्याच्यापासून सावध असावे. 2019 साली गरिबीच्या नावाने शेकडा 10 जागा निघाल्या तेव्हा त्यांतून दलित, आदिवासी व इतर मागास गरिबांस नेमके वगळले, आणि गरिबीची मर्यादा धरली वर्षाला आठ लाख. आमच्या गावात आठ लाख कमाविणारा गरीब आम्ही अजून शोधीत आहो. पण हेही खरे की, एकाच जमातीच्या यादीत नाशिक-पुण्याच्या अधिकाऱ्याचा मुलगा आणि धडगावच्या पाड्यावरचा पावरा हे शेजारी उभे केले तर कोण पुढे जाईल ते सांगावयास ज्योतिषी नको. शेकडा 7 जागा कागदावर डोंगराच्या आणि भरतात मैदानावरून.

यावर तामिळनाडूने वाट काढली. न्यायमूर्ती कलैयरसन समितीने अभ्यास करून सुचविले, आणि 2020 साली तेथील विधानसभेने कायदा केला की, सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या व नीट परीक्षा पास झालेल्या मुलांस वैद्यकीय जागांपैकी शेकडा साडेसात राखाव्यात. समितीने दहा सुचविले होते, सरकारने साडेसात दिले. सरकारे अशीच असतात. या साडेसातात प्रत्येक जातीचा वाटा तसाच राहतो, म्हणजे जात आणि शाळा दोन्ही पाहिली जातात. पहिल्याच वर्षी वैद्यकीय व दंतवैद्यकीय मिळून 400 च्या आसपास जागा सरकारी शाळेच्या पोरांस गेल्या. आदल्या वर्षी अशी पोरे बोटांवर मोजण्याइतकी होती. 2021 साली हाच नियम इंजिनिअरिंग, शेतकी, पशुवैद्यकी यांस लावला, आणि 2022 साली मद्रास हायकोर्टाने कायदा योग्य ठरविला.

हा कायदा आपल्याकडे आणावा, पण डोळे मिटून नकलून आणू नये. तामिळनाडूत बारावीपर्यंत सरकारी शाळा आहेत. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी सातवी-आठवीस संपते आणि पुढे अनुदानित खासगी हायस्कूल. 'सहावी ते बारावी सरकारी शाळा' अशी अट जशीच्या तशी लिहिली तर आश्रमशाळा सोडून आमच्या हाती काही येणार नाही, आणि मंत्री म्हणतील, पाहा, कायदा केला होता, पोरेच आली नाहीत! म्हणून आपल्याकडे अट अशी हवी : पहिली ते सातवी जिल्हा परिषद, नगरपालिका वा आश्रमशाळेत, आणि पुढे बारावीपर्यंत ग्रामीण भागातील अनुदानित शाळेत. सातवीपर्यंतचा पट आमच्याच दप्तरी असतो, त्यात लबाडी करणे कठीण. नुसती अकरावी-बारावी धरली तर शहरच्या क्लासवाल्यांनी खेड्यातील कॉलेजात नाव नोंदवून ठेवण्याची विद्या केव्हाच साध्य केली आहे.

दुसरी वाट अमेरिकेतील टेक्सासची. तेथे 1997 साली कायदा झाला की, राज्यातील प्रत्येक हायस्कुलातील वरच्या शेकडा दहा मुलांस सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळालाच पाहिजे, मग ते हायस्कूल कोणत्याही वस्तीतले असो. हे आम्हांस फार पटते. कारण यात मुलाची तुलना त्याच रानातल्या पिकाशी होते. आमच्या तालुक्याच्या प्रत्येक कॉलेजातील वरच्या मुलांस, पास असतील तर, नर्सिंग-इंजिनिअरिंगच्या किमान गुणांच्या अटीतून सूट देऊन सरकारी कॉलेजात घ्यावे आणि पहिले वर्ष त्यांस इंग्रजी व मूळ विषयांची जास्तीची तासिका द्यावी. या शेवटच्या गोष्टीवाचून नुसता प्रवेश म्हणजे पोहता न येणाऱ्यास तापीत ढकलणे होय. 2024 च्या जुलैत राज्य सरकारने इतर मागास, मराठा व आर्थिक दुर्बल घरच्या मुलींस व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली, ते चांगले केले. पण फी माफ होते ती आत गेलेल्यांची.

बोलता बोलता आमच्याच माणसांस सोडले असे होऊ नये. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या कारकिर्दीत विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांस परवानगी मिळाली तेव्हा बहुजनांची पोरे इंजिनिअर होतील असे आम्हांस सांगितले होते. कांही झालीही. पण कॉलेजे काढणारे पुष्कळसे आमच्याच समाजाचे, फुले-शाहूंच्या तसबिरीस हार घालणारे. आणि फीची पावती फाडताना त्यांची नजर तसबिरीकडे जात नाही. पूर्वी पुरोहित दक्षिणा घेई, आता अध्यक्ष घेतात. आणि आम्ही मास्तर? आमच्यापैकी किती जणांची मुले आम्ही शिकवितो त्या शाळेत आहेत? आमचा स्वतःचा मुलगा तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातो. वर सांगितलेली अट आली तर त्यास साडेसातात जागा मिळणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. घरात यावरून एक संध्याकाळ बोलाचालीही झाली. तरी मागणी तीच.

पोरीचे सांगावयाचे राहिले. गुण वाढवून घ्यावयाचे तर गुणसुधार योजनेत सगळ्याच विषयांची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. दोन गुणांसाठी पुन्हा सगळे विषय! तिने फॉर्म भरण्याचे ठरविले आहे. यंदा आईने ऊसतोडीस न जाता घरी राहावे असे आम्ही दोघे-तिघे मास्तर मंडळी तिच्या बापास समजावीत आहो. उचल घेतलेली आहे, त्यामुळे मुकादमाशीही बोलावे लागेल. भौतिक आणि जीवशास्त्र आमच्या हायस्कूलचे एक तरुण शिक्षक रविवारी शिकवितात. रसायनशास्त्राची जागा अजून रिकामीच आहे, आणि आम्हांस ते येत नाही. धुळे वा अमळनेरकडील कोणी निवृत्त प्राध्यापक अथवा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी फेब्रुवारीपर्यंत आठवड्यातून एक दिवस येऊ शकत असेल तर त्याने या पत्राच्या संपादकांकडे कळवावे. बसभाडे आणि दुपारची भाकरी आमच्याकडे. मुली आता एक नाही, चार झाल्या आहेत.